उसनं घर

एप्रिल २००७मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, सरी काउंटीतल्या एका मोठ्या आवारावर छापा पडला. जागा होती मायकेल व्हिक या नामांकित अमेरिकन फुटबॉलपटूची. आत पिट बुल जातीची पन्नासच्या आसपास कुत्री सापडली. त्यातली कितीतरी झाडीत, जमिनीत पुरलेल्या गाड्यांच्या आसांना जाड साखळ्यांनी बांधलेली होती. ती झुंजींसाठी पाळलेली होती, आणि जी झुंजायच्या लायकीची ठरत नसत त्यांना तिथेच मारून टाकलं जाई. व्हिकला २३ महिन्यांची शिक्षा झाली. कुत्र्यांचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरला.

झुंजीच्या अड्ड्यावरून आलेली कुत्री सरसकट मारायची, असाच तोवरचा शिरस्ता होता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या तिथल्या मोठ्या संस्थांमध्येही याच मताच्या काही होत्या. या वेळी न्यायालयाने दुसरा रस्ता धरला. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या जाणकारांनी ४९ कुत्री एकेक करून तपासली. माणूस जवळ आला की हे कुत्रं काय करतं, दुसरं कुत्रं दिसलं की काय करतं, खाताना कुणी मधे आलं तर काय करतं, हे पाहिलं. रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला न्यायालयाने या कुत्र्यांची पालक नेमलं, आणि त्यांच्या संगोपनासाठी व्हिककडून सव्वानऊ लाख डॉलरहून जास्त रक्कम घेण्यात आली.

तपासणीतून जे निघालं ते या प्रकरणाचं बीज आहे. आक्रमकपणामुळे मारावं लागलं ते ४९पैकी एकाच कुत्रीला. उरलेल्यांपैकी पुष्कळांचं दुखणं नेमकं उलटं होतं. माणसाची चाहूल लागली की ती जमिनीला चिकटत. हनुवटी खाली, पाय पसरलेले, डोळे भलतीकडे. सांभाळणारे कार्यकर्ते त्यांना ‘पॅनकेक’ म्हणू लागले. २२ कुत्री युटा राज्यातल्या कनाब इथे बेस्ट फ्रेंड्स संस्थेच्या विस्तीर्ण आश्रयस्थानात गेली, बाकीची वेगवेगळ्या संस्थांमार्फत फॉस्टर घरांत, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरांत. त्यातलं लिओ नावाचं कुत्रं पुढे कॅलिफोर्नियात कॅन्सरच्या रुग्णांना भेटायला जाऊ लागलं. जॅस्मिन नावाची कुत्री बाल्टिमोरच्या एका फॉस्टर घरी गेली, आणि तिथे महिनोन्‌महिने आपल्या पिंजऱ्याचा कोपरा सोडायला तयार नव्हती. दोघांचाही जन्म झुंजीच्या त्याच व्यवसायात गेलेला. ‘झुंजीचं कुत्रं’ एवढ्या एका शिक्क्यावरून दोघांपैकी एकाबद्दलही काही कळलं नसतं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत, नागपुरात, पणजीत जी माणसं संस्थेकडून एखादं कुत्रं तात्पुरतं घरी आणतात, त्यांच्या दारात येणारी कुत्री साधारण तीन वाटांनी आलेली असतात. गाडीखाली सापडलेलं किंवा आई गेलेलं रस्त्यावरचं पिल्लू, हौसेनं विकत घेऊन मग सोडून दिलेलं लॅब्रॉडर, हस्की किंवा ल्हासा, आणि साखळीला बांधून ठेवलेलं किंवा मार खाल्लेलं मोठं कुत्रं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गल्लीत रुळलेलं, धडधाकट, कानाला नसबंदीची खाच असलेलं मोठं कुत्रं ‘बिचारं’ म्हणून उचलून चौथ्या मजल्यावर आणणं ही दया नाही. प्राणी जनन नियंत्रणाचे नियम, २००१चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३चेही, अशा कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर त्याच्याच जागी परत सोडायला सांगतात. त्याला त्याची माणसं, त्याचे कोपरे, त्याची रात्रीची गस्त असते. फॉस्टर घर हवं असतं ते ज्याला यातलं काहीच उरलेलं नाही त्याला.

असं कुत्रं घरात आलं की पहिले काही दिवस हमखास एक वाक्य ऐकू येतं: “किती शहाणं आहे हो! आल्यापासून भुंकलं नाही, कशाला तोंड लावलं नाही.” मला या वाक्याची काळजी वाटते. सोफ्यामागे न हलता बसलेलं, ठेवलेलं अन्न रात्री सगळे झोपल्यावरच खाणारं, उचललं तर लाकडासारखं ताठ होणारं कुत्रं शांत नसतं. ते थांबलेलं असतं.

या थांबण्याचा अभ्यास कुत्र्यांवरच झाला, आणि तो वाचताना त्रास होतो. १९६७च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले की ते टाळायचा काहीही उपाय त्यांच्याकडे नव्हता. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की झटका चुकत होता. आधी झटके न बसलेली कुत्री पटकन उडी मारून पलीकडे गेली. झटके सोसलेल्यांपैकी बरीचशी जागीच पडून कण्हत राहिली. आपल्या करण्याने काही होत नाही हे ती शिकली, असा निष्कर्ष निघाला, आणि ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात गेली. पण जवळपास ५० वर्षांनी, २०१६मध्ये, मेंदूविज्ञानातलं नंतरचं काम हाताशी घेऊन याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा केला. त्रास लांबत गेला की गळून पडणं हीच प्राण्याची मुळातली प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच: मी काही केलं तर फरक पडतो. ही जाणीव एकदा मेंदूत रुजली की पुढच्या संकटातही ती गळून पडण्याला आवर घालते.

मार खाल्लेल्या कुत्र्याला घरात आणणाऱ्या माणसाने या विषयातली एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचावी. ‘बस’, ‘ये’, ‘हात दे’ हे सगळं नंतर. आधी कुत्र्याला कळायला हवं की त्याने मान वळवली तर आपला पुढे आलेला हात थांबतो, ते मागे सरकलं तर कुणी पाठलाग करत नाही, ते उठून दुसऱ्या खोलीत गेलं तर जाऊ दिलं जातं. त्याच्या ‘नको’ला या घरात किंमत आहे. माझ्या मते फॉस्टर घराचं निम्मं काम इथेच होतं.

कोथरूडच्या एका घरात मी हे फार सुंदर घडताना पाहिलं. तपकिरी रंगाची एक कुत्री जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली होती, बाहेर येत नव्हती. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा तिच्यावर जीव टाकायचा. टेबलासमोर पालथा पडून तो तिला हाका मारायचा, हात लांब करून बिस्कीट दाखवायचा, आणि ती आणखी मागे सरकायची. आजी दुपारी त्याच खोलीत टेबलाकडे पाठ करून जमिनीवर बसायच्या आणि मेथी निवडायच्या. त्यांना कुत्र्याचं ना प्रेम ना राग. नातवाला एवढंच म्हणायच्या, “तिचं तिला येऊ दे रे. सारखा काय बोलावतोस?” एका दुपारी कुत्री टेबलाखालून निघाली, मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून आजींच्या पाठीपर्यंत आली, पदराचा वास घेतला आणि परत गेली. आजींनी मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला ती थोडा वेळ थांबली. मग मेथीच्या देठांचा वास घेऊन झाला. घरातल्या सगळ्यांत तिने आधी निवडलं ते तिच्याकडे काहीच न मागणाऱ्या माणसाला.

आजींनी नकळत जे केलं त्याला कुत्र्यांच्या भाषेत अर्थ आहे. समोरून सरळ चालत येणं, डोळ्यांत डोळे घालून बघणं, वरून वाकणं आणि डोक्यावर हात ठेवणं हे आपल्याला प्रेमाचं वाटतं, पण भ्यालेल्या कुत्र्याला धमकीसारखं. पाठ किंवा कूस त्याच्याकडे करणं, नजर बाजूला ठेवणं, खाली बसणं म्हणजे मी तुझ्यावर चालून येत नाही. कुत्रं स्वतःही हेच करतं. भूक लागलेली नसताना जीभ नाकावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड फिरवलं तरी डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत राहणं, कान मागे दबणं, अंग एकदम थिजणं. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी ही वाक्यं बोलून झालेली असतात. ‘काही कारण नसताना अचानक चावला’ असं सांगणाऱ्या घरात बहुतेक वेळा ती कुणी वाचलेली नसतात.

गुरगुरण्याबद्दल इथेच बोलून घेतो. कुत्रं वाटीवर तोंड ठेवून गुरगुरलं तर घरातला कुणीतरी मोठा माणूस त्याला ओरडतो, वाटी काढून घेतो, ‘मालक कोण ते कळलं पाहिजे’ म्हणतो. या समजुतीला लांडग्यांचा आधार दिला जातो. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७मध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं होतं. ते लांडगे एकमेकांच्या नात्यातले नव्हते, एका आवारात कोंडलेले होते, म्हणून वर्चस्वासाठी भांडत होते. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ लांडगा जगभर पोचला. पण पुढे त्यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर उन्हाळेच्या उन्हाळे काढले आणि १९९९मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी कुणाला उलथं पाडून सत्ता मिळवत नाही. लांडग्यांमध्येच नसलेली गोष्ट आपण कुत्र्यावर लादतो, आणि तीही अशा कुत्र्यावर की ज्याने आयुष्यात भरलेली वाटी क्वचित पाहिली. मार देऊन गुरगुरणं बंद करता येतं. भीती तिथेच राहते, फक्त सूचना मिळायची बंद होते. मग पुढची पायरी दातांचीच.

वाटीचा उपाय साधा आहे. कुत्रं जेवत असताना त्याच्यापासून ते थिजणार नाही इतक्या लांबून चालत जायचं आणि जाताजाता वाटीतल्यापेक्षा चांगलं काहीतरी, म्हणजे उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा, त्याच्या दिशेने टाकून पुढे निघून जायचं. थांबायचं नाही, वाकायचं नाही. असं रोज केलं की माणूस जवळ येणं म्हणजे वाटी जाणं हा हिशेब बदलतो. पावलांचा आवाज आला की शेपटी हलायला लागते, तेव्हा अंतर थोडं कमी करायचं. घरात लहान मूल असेल तर मात्र हा प्रयोग करत बसू नये. कुत्र्याला दार लावून वेगळ्या खोलीत जेवू द्यावं, आणि ते जेवत असताना मुलाने तिकडे फिरकायचंच नाही.

या रीतीचा उगम मला फार आवडतो. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मेरी कव्हर जोन्स यांचं नाव फारसं कुणाला नसतं. १९२४मध्ये या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलावर काम केलं. पीटरला सशाची विलक्षण भीती. जोन्स यांनी त्याला आवडीचं खाऊ घालायला बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणला, पीटरचं खाणं थांबणार नाही इतक्या दूर. मग बसाबसांत तो जरा जरा जवळ. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. घाबरलेल्या कुत्र्यांसाठी आज जगभर जे केलं जातं ते याच वाटेनं.

यात दोन गोष्टी चुकल्या तर सगळं फसतं. एक म्हणजे अंतर. समजा तुमच्या कुत्र्याला लिफ्टची भीती आहे. लिफ्टच्या दारात उभं राहून त्याच्या तोंडाशी चिकन धरलंत तर ते खाणार नाही, किंवा हाताला दात लागतील इतकं घाईघाईत ओढेल. दोन्हींचा अर्थ आपण फार जवळ आलो. मागे या, मजल्यावरच्या आपल्याच दारापर्यंत, गरज पडली तर दाराच्या आत. जिथून लिफ्टचा आवाज ऐकून त्याचे कान वळतात पण अंग सैल राहतं आणि दिलेला तुकडा ते चावून, सावकाश खातं, तिथून सुरुवात. दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. आधी लिफ्टचा आवाज, मग चिकन. पुष्कळ जण उलट करतात: लिफ्ट येतेय हे दिसलं की आधीच खाऊ पुढे करतात, त्याचं लक्ष वळवायला. कुत्रं हुशार असतं. आईने खाऊ काढला की आता काहीतरी भीतिदायक होणार, एवढंच ते शिकतं, आणि मग खाऊलाच घाबरायला लागतं.

आपल्या घरांमधल्या भीतीच्या गोष्टी अमेरिकेतल्या पुस्तकांत सापडत नाहीत. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून सतरंज्या टाकाव्या. डोक्यावर फिरणारा पंखा, कुकरची शिट्टी, मिक्सर, झाडू आणि काठी हे सगळं रस्त्यावरच्या कुत्र्याला नवीन तरी असतं किंवा फार चांगलं ओळखीचं. झाडू दिसताच जमिनीला लागणाऱ्या कुत्र्याला झाडूचा इतिहास असतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आहेत. त्यांनी पाहिलेल्या पिल्लांपैकी सात महिन्यांपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मरणांमागे या ना त्या रूपात माणूस होता. त्याच गटाने २०१७मध्ये दाखवलं की अनोळखी माणसावर भरवसा बसायला वारंवार मिळालेला मायेचा हात नुसत्या खाण्यापेक्षा जास्त कामी येतो. मला हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. माणसाकडून सगळ्यात जास्त सोसलेला हा प्राणी माणसाच्या स्पर्शासाठी अजून जागा ठेवून आहे. फक्त स्पर्श कधी घ्यायचा हे त्याने ठरवायचं. दोन-तीन सेकंद छातीला किंवा मानेच्या बाजूला खाजवून हात काढून घ्या. ते पुढे सरकलं तर पुन्हा. नाही सरकलं तर नाही.

लहानपणी राहून गेलेलं सगळंच भरून निघतं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९६५मध्ये मांडला: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कुत्रं जगाची ओळख करून घेतं. त्या काळात माणूस न पाहिलेली पिल्लं १४ आठवड्यांनंतर माणसाला जवळपास रानटी प्राण्यासारखी बुजली. अशी कुत्री मोठेपणी सुधारतात का, याचं सगळ्यात भक्कम उत्तर एएसपीसीए या संस्थेच्या वर्तन-पुनर्वसन कामातून आलं. अत्यंत भित्र्या ४४१ कुत्र्यांवर त्यांनी ठरावीक पद्धतीने काम केलं, आणि २०२२मधल्या अहवालानुसार त्यातली ८६ टक्के दत्तक देण्याजोगी झाली. काहींना सोबत डॉक्टरांनी भीती कमी करणारी औषधं दिली होती. औषध हा पराभव नाही. गोचिडांचा ताप, दुखरा सांधा, किडलेला दात यांनीही कुत्रं चिडकं होतं, म्हणून वागण्याचा विचार करण्याआधी डॉक्टरांकडून अंगाची आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. रेबीजची लस तर पहिल्याच दिवसाच्या यादीत. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘घरचंच आहे, काही होत नाही’ म्हणायचं नाही.

पहिल्या दिवसांत सगळ्यात मोठा धोका चावण्याचा नसतो, हरवण्याचा असतो. दार उघडलं, कुरियरवाला आला, एखादा फटाका वाजला, की कुत्रं साध्या पट्ट्यातून मागे सरकून मान काढून घेतं आणि सुसाट पळतं. अनोळखी भागात, हाकेला न येणारं कुत्रं सापडणं फार कठीण. म्हणून हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन्हींना दोर, आणि घराचं दार उघडण्याआधी आतलं दार बंद. दिवाळीच्या आठवड्यात तर अंधार पडायच्या आत फिरवून आणावं. वॉचमनकाकांना फोटो दाखवून ठेवावा. सोसायटीतल्या मंडळींनी कौतुकाने हात लावायला यावं असं वाटत असेल, पण पहिला महिनाभर प्रेमानं नाही म्हणावं.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा हल्ली सगळीकडे ऐकू येतो. तितक्यात कुत्रं स्थिरावतं म्हणे. त्याचा उपयोग एवढाच की पहिल्या आठवड्यात कुणी निराश होऊ नये. घड्याळ लावून कुत्रं उमलत नाही. उलट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, थांबलेलं कुत्रं हलायला लागलं की, ते पहिल्यांदा भुंकतं, चप्पल पळवतं, पाहुण्यांवर गुरगुरतं. घरच्यांना वाटतं बिघडलं. खरं तर आपण काही केलं तर काही होतं हे त्याला कळू लागलेलं असतं. याच सुमारास पुष्कळ कुत्री संस्थेकडे परत जातात, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या परतीची. प्रशिक्षणाची वेळ इथे सुरू होते. नाव घेतल्यावर वळून बघणं, हाताच्या तळव्याला नाक लावणं, सतरंजीवर जाऊन बसणं अशा छोट्या गोष्टी दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं शिकवल्या की त्याला आवडायला लागतात, कारण यात प्रत्येक वेळी त्याच्या कृतीला उत्तर मिळतं.

आणि हे सगळं करून कुत्रं द्यायचं असतं. फॉस्टर करायला बहुतेक जण याच एका विचाराने कचरतात: लळा लागेल, मग देववणार नाही, आणि त्या कुत्र्याचंही मन मोडेल. २०१९मध्ये लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच आश्रयस्थानांतल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी घरांत पाठवून त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. घरी गेल्यावर ते उतरलं. परत आल्यावर पूर्वीच्या पातळीवर आलं, त्याच्या वर गेलं नाही. दोन रात्रींच्या विसाव्याची किंमत कुत्र्याला नंतर मोजावी लागली नाही. काही महिन्यांचा सहवास वेगळा असतो हे खरं. पण एक फॉस्टर घर रिकामं झालं की पिंजऱ्यातलं पुढचं कुत्रं तिथे येतं, आणि संस्थांना आज पैशांपेक्षाही घरांची चणचण आहे.

देताना सर्वात मोलाचं असतं ते सत्य. दत्तक घ्यायला आलेलं कुटुंब चांगलं आहे, कुत्रंही गोड दिसतंय, अशा वेळी ‘कधीकधी गुरगुरतो’ हे वाक्य गिळून टाकायचा मोह होतो. ते गिळू नये. कुठल्या अंतरावर, कुणाला, कशावरून, त्याआधी अंग कसं होतं आणि आपण काय केल्यावर ते निवळलं, हे सगळं वहीत लिहून द्यावं. काय खातं, कुठे झोपतं, कुठल्या हाकेला येतं, फटाक्यांच्या वेळी कुठे लपतं, औषधाचा डोस किती. शक्य असेल तर नव्या घरच्यांनी दोन-चारदा इकडे येऊन बसावं, मग कुत्र्याला तिकडे न्यावं, आणि सोबत त्याची न धुतलेली चादर द्यावी. पट्ट्याचे दोन्ही दोर आणि दारांचा नियम नव्या घरात पुन्हा पहिल्या दिवसापासून लागू होतो, कारण हरवण्याची भीती तिथे पुन्हा तितकीच असते. आणि नाहीच जमलं तर कुत्रं परत इथेच यायचं, रस्त्यावर किंवा तिसऱ्याच कुणाकडे जायचं नाही, हे करारात लिहून घ्यावं. असं परत आलेलं कुत्रं आपल्याबरोबर माहिती घेऊन येतं: त्याला लहान मुलं नकोत, किंवा दुसरं कुत्रं सोबत हवं, किंवा लिफ्टची इमारत नको, अंगण हवं. पुढचं घर त्या माहितीवर शोधायचं असतं.